हार्मोन नको, मूलही नको

गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या की कुणाला मळमळतं, कुणाचं डोकं दुखतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर डॉक्टर त्या देतच नाहीत. मग हार्मोन नसलेलं काय आहे, असं विचारलं की बहुतेकदा एकच उत्तर मिळतं: तांबी. तांबी चांगलीच आहे. 380ए प्रकारची एकदा बसवली की दहा वर्षं चालते. पण काहींना तिने अंगावरून फार जातं, कळा येतात, आणि ती काढून टाकावी लागते.

दुसरं उत्तर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने कधीच देऊन ठेवलंय. सेंटक्रोमॅन हे औषध 1991 पासून ‘सहेली’ नावाने मिळतं, आणि 2016 मध्ये ते ‘छाया’ या नावाने सरकारी कुटुंबनियोजनात आलं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोन गोळ्या, मग एकच. या गोळीत हार्मोन नाही, पण गर्भाशयात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची जागा ती अडवून बसते. त्यामुळे बीज सुटतं, तरी अस्तर गर्भ रुजवून घ्यायला तयार नसतं. काहींची पाळी लांबते आणि दिवस गेले की काय म्हणून त्या धास्तावतात. गोळी देतानाच हे सांगायला हवं.

मग नवीन पर्याय इतके थोडे का? कारण चाचणी घेणंच अवघड. रक्तदाबाच्या औषधाच्या चाचणीत निम्म्या लोकांना खोटी गोळी देता येते. इथे बाईला खोटं साधन देऊन तिला दिवस जातात का, हे बघत बसणं शक्यच नाही.

म्हणून आधी एक वेगळी तपासणी होते. ‘ओव्हाप्रीन’ ही महिनाभर योनीत ठेवायची जाळीदार रिंग. तिच्यातलं लोहाचं संयुग शुक्राणूंची हालचाल मंदावतं. तिच्या सुरुवातीच्या एका चाचणीत नसबंदी झालेल्या स्त्रिया होत्या, म्हणजे रिंग फसली तरी कुणाला दिवस जायचे नाहीत. संबंधानंतर काही तासांत दवाखान्यात यायचं, गर्भाशयमुखाजवळचा चिकट स्राव काचपट्टीवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पुढे पोहणारे शुक्राणू मोजायचे. रिंग नसताना एका दृश्यक्षेत्रात सरासरी 27 दिसले. रिंग असताना 0.22. आकडा झकास आहे, पण मूल होणं न होणं त्यावरून ठरत नाही. त्यासाठी शेकडो जोडप्यांनी वर्षभर फक्त त्याच साधनावर भिस्त ठेवावी लागते. ‘फेक्सी’ या आम्लयुक्त जेलला 2020 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तरी त्याच्या चाचणीत सात पाळ्यांच्या काळात शंभरात सुमारे चौदा जणींना दिवस गेले होते. तांबीची सवय असलेल्यांना हे फारच वाटेल.

सगळ्यात धाडसी प्रयोग मात्र दिल्लीचा. राष्ट्रीय प्रतिरक्षा विज्ञान संस्थेत जी. पी. तलवार यांच्या गटाने एचसीजी या गर्भारपण टिकवणाऱ्या संप्रेरकाविरुद्ध लस तयार केली. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लसीमुळे रक्तात तयार होणारी, त्या संप्रेरकाला अडवणारी प्रथिनं म्हणजे प्रतिपिंडं पुरेशी होती त्या 1,224 पाळीचक्रांत एकीलाच दिवस गेले. मात्र 148 पैकी 119 जणींतच ती पातळी गाठली गेली. बाकीच्यांनी त्याच इंजेक्शनांवर विसंबून कसं राहायचं? रक्त तपासल्याशिवाय कळायला दुसरा मार्ग नव्हता. त्यात स्त्रीसंघटनांनीही अशा लसींना जोरदार विरोध केला.

आता बोस्टनमध्ये शुक्राणूंविरुद्धची प्रतिपिंडं शरीराबाहेरच बनवून ती योनीत विरघळणाऱ्या पातळ फिल्ममध्ये घातली आहेत. ही प्रतिपिंडं शुक्राणूंना एकमेकांत चिकटवून अडकवतात. शरीराने किती प्रतिपिंडं बनवली हा प्रश्नच तिथे उरत नाही, पण दरवेळी आठवणीने फिल्म ठेवावी लागते.