खळ, चायना ग्रास आणि प्रोटीनची जेल

आमच्याकडं मराठवाड्यात बीएस्सी-एमएस्सीची पोरं जेल इलेक्ट्रोफोरेसिसच्या, म्हणजे थलथलीत थरातून वीज सोडून प्रोटीन वेगळे करायच्या पद्धतीच्या, स्टेप तोंडपाठ म्हणून दाखवतात, बफर किती, व्होल्ट किती, सगळं, पण ही जेल आली कुठून हे विचारलं की गप्प. मला वाटतं ते आधी सांगायला पाहिजे, कारण सगळं सुरू झालं एका साध्या अडचणीतून, की नुसत्या पाण्यात काही जागेवर थांबत नाही.

स्वीडनमधल्या उप्सालाच्या आर्ने टिसेलियस यांनी १९३७ मध्ये काचेच्या यू आकाराच्या नळीत रक्ताचं सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी) घेऊन त्यातून वीज सोडली आणि अल्ब्युमिन, अल्फा, बीटा, गॅमा ग्लोब्युलिन असे प्रोटीनचे गट वेगळे दिसले. १९४८ चं नोबेल त्यांना मिळालं. पण पाणी जरा तापलं की आतल्या आत फिरतं आणि वेगळं झालेलं परत मिसळतं, म्हणून नळी ४ अंशांच्या आसपास थंड ठेवावी लागायची, आणि यंत्र खोलीभर.

मग कागद वापरून बघितला. टोरोंटोत ऑलिव्हर स्मिथीज इन्सुलिनवर काम करत होते, ते कागदाला चिकटून फरकाटायचं. स्टार्चच्या ओल्या दाण्यांत प्रोटीन चांगलं सरकतं हे त्यांना कळलं, पण मग त्या थराचे तुकडे करून एकेक तपासत बसायचं, आणि हाताखाली माणूस नाही. तेव्हा त्यांना लहानपणचं आठवलं, आई वडिलांच्या शर्टांना खळ करायची, ती गरम असताना पातळ आणि गार झाली की थलथलीत घट्ट! स्टार्च शिजवून गार केला तर एकसंध जेल होईल आणि रंग देऊन प्रोटीन सरळ डोळ्यांनी दिसेल, एवढाच विचार. बटाट्याच्या स्टार्चची ती जेल १९५५ मध्ये छापून आली, आणि सीरममध्ये जिथं चार-पाच गट दिसायचे तिथं दुपटीहून जास्त पट्टे निघाले, कारण जेलला बारीक भोकं असतात, ती चाळणीसारखी वागते. आपल्या घरी सुती साडीला खळ घालताना पातेल्यात जे होतं तेच हे.

१९५९ ला स्टार्चच्या जागी पॉलिअॅक्रिलामाइड हे कृत्रिम रसायन आलं, कारण त्याची भोकं पाहिजे तेवढी लहान-मोठी करता येतात. आणि १९७० मध्ये केंब्रिजला उलरिच लेम्ली यांनी बॅक्टेरियाला लागणाऱ्या टी४ व्हायरसचं डोकं कसं तयार होतं हे शोधताना एसडीएस घालून जी पद्धत बसवली ती आजही आपण जशीच्या तशी वापरतो. एसडीएस म्हणजे शाम्पूत असतं तेच फेस करणारं रसायन, ते प्रोटीन उलगडून त्याच्यावर ऋण चार्ज चढवतं, मग फरक उरतो तो फक्त आकाराचा, लहान पुढं आणि मोठं मागं. पट्टे दिसायला लावतो तो कुमासी ब्लू मुळात लोकर रंगवायचा रंग, नाव घानातल्या कुमासी शहरावरून.

मे महिन्यात एकदा आमच्या लॅबमध्ये जेलवरची निळी रेघ अर्ध्यावर आली आणि लाइट गेली, इन्व्हर्टर फक्त फ्रिजला होता, पोरं रसवंतीवाल्याकडून बर्फ घेऊन आली आणि टाकीभोवती रचला, तरी दोन तासांनी बघितलं तर रेघ फुगून अंधुक झालेली. जेल असली तरी वीज थांबली की रेघ आपोआप पसरते, ते त्या दिवशी पोरांना न सांगता कळलं.

पेशी वाढवायची गोष्टही अशीच, त्यांनाही धरायला काहीतरी लागतं. बॅक्टेरिया आधी जिलेटिनवर वाढवायचे, ते ३७ अंशांना पाणी होतं, आमच्या उन्हाळ्यात तर टेबलावरच होईल. १८८१ मध्ये फॅनी हेस्से या बाईंनी स्वयंपाकातलं अगर सुचवलं, जावात राहून आलेल्या ओळखीच्यांकडून त्यांना ते माहीत होतं. आपण त्यालाच चायना ग्रास म्हणतो. प्राण्याच्या पेशीसाठी रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या गर्भातला मज्जातंतूंचा तुकडा गोठलेल्या लिम्फच्या (अंगातल्या पाण्यासारख्या द्रवाच्या) थेंबात लटकवला आणि मज्जातंतूचा धागा वाढताना प्रत्यक्ष बघितला.

अॅलेक्सिस कॅरेल यांनी १९१२ पासून कोंबडीच्या हृदयाच्या पेशी वर्षानुवर्षं जिवंत ठेवल्याचं सांगितलं आणि पेशी अमर असतात असं जगाला पटलं, ते खोडायला १९६१ उजाडलं, हेफ्लिक आणि मूरहेड यांनी दाखवलं की माणसाची साधी पेशी साधारण ५० वेळा दुभंगते आणि थांबते.

न थांबणाऱ्या पेशी १९५१ मध्येच बाल्टिमोरला मिळाल्या होत्या, हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईंच्या कॅन्सरच्या गाठीतून, त्यांना न विचारता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या, वय ३१, आणि त्यांच्या पेशी पोलिओच्या लसीच्या तपासणीला कामी आल्या, घरच्यांना मात्र वीसेक वर्षं पत्ता नव्हता. हे मला फार लागतं. आज पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेतून सेल लाइन, म्हणजे वाढतच राहणाऱ्या पेशी, मागवता येते, बाटलीतलं लाल मिडियम (पेशींचं पातळ खाद्य) पिवळं पडलं की बदलायचं, एवढं सोपं झालंय. बाटलीवर फक्त हेला लिहिलेलं असतं, हेन्रिएटा लॅक्सची पहिली अक्षरं. मी पोरांना जर्नलमध्ये तिथं पूर्ण नाव लिहायला लावतो.