ताम्रसृती आणि धुळीचा तांबूसपणा

वेताळ टेकडीवर सूर्यास्ताला जमणाऱ्या मंडळींपैकी थोडेफार खगोलशास्त्र वाचलेले कोणीतरी तांबड्या होत जाणाऱ्या सूर्याकडे पाहून "ही बघा रेडशिफ्ट" असे म्हणताना मी एकदा नव्हे, अनेकदा ऐकले आहे. ते म्हणणे चूक आहे, पण हसण्यावारी नेण्यासारखे नाही. रेडशिफ्ट म्हणजे विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश ताणला जाणे, आणि टेकडीवरून दिसतो तो वाटेत निळा गाळला गेल्याने आलेला तांबूसपणा. अंतराळ दुर्बिणींनी पाठवलेल्या माहितीवर काम करणारे संशोधकही याच दोन गोष्टींपाशी चकलेले आहेत, आणि त्यातला एक प्रसंग अगदी अलीकडचा आहे.

सूर्यास्ताला जे दिसते त्याचे कारण हवा हे आहे. सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा त्याच्या प्रकाशाला, सूर्य डोक्यावर असताना लागते त्याच्या सुमारे ३८ पट हवा ओलांडावी लागते. हवेचे रेणू ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा चौपटीहून अधिक विखुरतात, त्यामुळे निळा वाटेतच पांगतो आणि तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोहोचतो. नवा तांबडा प्रकाश कोठूनही आलेला नसतो. निळा वजा झालेला असतो. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत हेच काम सिलिकेट आणि कार्बनच्या सूक्ष्म कणांची धूळ करते. ती प्रकाश शोषतेही आणि विखुरतेही, आणि दोन्ही बाबतींत आखूड तरंगलांबीवर तिचा हात अधिक जड असतो. याला रेडनिंग म्हणतात. मराठीत धुळीचा तांबूसपणा म्हणावे.

ताम्रसृती, म्हणजेच रेडशिफ्ट, हा प्रकार मुळातच वेगळा आहे. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश वाटेत असताना विश्व प्रसरण पावत असते आणि त्याबरोबर प्रत्येक तरंगलांबी एकाच पटीने ताणली जाते. रेडशिफ्टचा आकडा १ असेल तर सगळ्या तरंगलांब्या दुप्पट, ३ असेल तर चौपट. यात वाटेत काहीच गाळले जात नाही, सगळेच्या सगळे सरकते. म्हणूनच ताम्रसृती हे नाव थोडे फसवे आहे. निळा प्रकाश तांबड्याकडे गेला तरी त्याच्या रिकाम्या जागी जंबुपार प्रकाश येऊन बसतो, आणि भरपूर नवे तारे जन्माला घालणारी दीर्घिका मोठ्या ताम्रसृतीनंतरही निळसर दिसू शकते. उलट जो प्रकाश मुळात तांबडा होता तो तांबड्यात राहतच नाही, पुढे अवरक्तात निघून जातो.

पुणेकराला हा फरक कानाने चटकन कळेल. गायकाने तीच बंदिश काळी चारऐवजी काळी एकमध्ये गायली तर प्रत्येक स्वर खाली येतो, पण स्वरांमधली नाती जशीच्या तशी राहतात, ही ताम्रसृती. गणपतीत पथक तीन गल्ल्या पलीकडे असेल तर ढोल ऐकू येतो आणि ताशा जवळजवळ हरवतो. तेथे पट्टी बदललेली नसते, वरचे आवाज मधल्या इमारतींनी खाल्लेले असतात; हा धुळीचा तांबूसपणा.

डोळ्याने पडताळायचे असेल तर जुनी सीडी, पुठ्ठ्याचे खोके आणि दाढीच्या ब्लेडचे दोन तुकडे जवळजवळ ठेवून केलेली बारीक फट एवढ्यावर भागते. प्रकाश रंगांच्या पट्ट्यात, म्हणजे वर्णपटात, फोडून दाखवणाऱ्या अशा वर्णपटदर्शकातून आधी गॅसच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकून पाहावे. सोडियमची पिवळी रेषा ५८९ नॅनोमीटरपाशी उमटते, तिची जागा पेन्सिलीने खुणावून ठेवावी. नंतर दुपारच्या उन्हात उजळलेल्या पांढऱ्या भिंतीकडे पाहावे (सूर्याकडे थेट कधीही नाही) आणि त्याच भिंतीकडे पुन्हा मावळतीच्या वेळी. दुपारी त्या खुणेवर एक बारीक काळी रेषा सापडते, कारण सूर्याच्या वातावरणातले सोडियम तेवढा प्रकाश शोषून घेते. संध्याकाळी वर्णपटाचा निळा भाग मिटत चाललेला दिसतो, पण काळी रेषा खुणेवरून हलत नाही. रेषा हलली नाही म्हणजे ताम्रसृती नाही. टेकडीवरच्या वादाचा निकाल एवढ्या खटाटोपात लागतो.

या दोन्ही गोष्टींचे भक्कम पुरावे लागोपाठच्या वर्षी पुढे आले, याची मला नेहमी गंमत वाटते. दीर्घिका जितकी दूर तितकी तिची ताम्रसृती अधिक, हा संबंध एडविन हबल यांनी १९२९ मध्ये मांडला, आणि आकाशगंगेत प्रकाश खाणारी धूळ सर्वत्र पसरलेली आहे हे रॉबर्ट ट्रंपलर यांनी तारकागुच्छांच्या अभ्यासातून १९३० मध्ये दाखवले.

रेषा दिसत असतील तर घोटाळ्याला जागाच नाही. अडचण येते ती छायाचित्रांत. जेम्स वेब दुर्बीण वेगवेगळ्या फिल्टरमधून आकाशाचे फोटो घेते आणि त्यांत हजारो दीर्घिका एकदम सापडतात, पण प्रत्येकीचा वर्णपट घ्यायला वेळ पुरत नाही. मग कोणत्या फिल्टरमध्ये किती प्रकाश आला, एवढ्यावरून ताम्रसृतीचा अंदाज बांधला जातो. अतिदूरच्या दीर्घिकेची मुख्य खूण अशी की, १२१.६ नॅनोमीटरहून आखूड प्रकाश वाटेतला हायड्रोजन गिळून टाकतो, त्यामुळे ताणलेल्या वर्णपटात एका ठिकाणी कडा तुटल्यासारखी दिसते आणि त्याअलीकडच्या, म्हणजे आखूड तरंगलांबीच्या, फिल्टरांत दीर्घिका नाहीशी होते. परंतु अलीकडच्या फिल्टरांत अंधार आणि पलीकडे उजेड, हे चित्र भरपूर धुळीनेही उभे राहू शकते.

सीअर्स-९३३१६ या दीर्घिकेच्या बाबतीत हेच झाले. वेबच्या २०२२ मधल्या पहिल्या प्रतिमांत ती सुमारे २ मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे १००० नॅनोमीटर) अलीकडे जवळजवळ दिसत नव्हती आणि पलीकडे चांगली तेजस्वी होती. तिची ताम्रसृती १६.४ असावी असा अंदाज निघाला, १२१.६ नॅनोमीटरला १७.४ ने गुणले की कडा २.१ मायक्रॉनवर येते, म्हणजे हिशेब चोख जमत होता. तो खरा ठरता तर महास्फोटानंतर अवघ्या २५ कोटी वर्षांच्या आसपास एवढी तेजस्वी दीर्घिका कशी तयार झाली, हे सांगणे कठीण झाले असते. काही संशोधकांनी तेव्हाच इशारा दिला होता की, ही ४.९ ताम्रसृतीची धूळभरली दीर्घिकाही असू शकते. २०२३ मध्ये वर्णपट हाती आला आणि ४.९ हाच आकडा खरा निघाला. आखूड बाजूचा अंधार धुळीचा होता. लांब बाजूचा उजेड फुगलेला होता, कारण ऑक्सिजनची ५००.७ आणि हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची रेषा ५.९ पट ताणली जाऊन अनुक्रमे २.९५ आणि ३.८७ मायक्रॉनवर, नेमक्या त्या फिल्टरांत पडत होती. दीर्घिकेचा काळ एका झटक्यात महास्फोटानंतर सुमारे १२० कोटी वर्षांवर आला. माझ्या मते यात कोणाची फजिती झाली असे मानू नये. फक्त फोटोंवरून निघालेल्या विक्रमी अंतराच्या बातमीपुढे, वर्णपट येईपर्यंत, मनात एक प्रश्नचिन्ह ठेवावे.

याचा अर्थ फिल्टरांवर विसंबताच येत नाही असा नव्हे. ते किती आहेत आणि किती अरुंद आहेत यावर बरेच अवलंबून असते. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीआरए (राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र) या संस्थेतील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी २०२५ मध्ये वेबच्या माहितीतून 'अलकनंदा' ही सर्पिलाकार दीर्घिका पुढे आणली. तिची ताम्रसृती सुमारे ४ आहे, म्हणजे विश्वाचे वय १५० कोटी वर्षे असतानाची ती आहे. तिचे निरीक्षण तब्बल २१ फिल्टरांतून झालेले असल्यामुळे सरकलेले किती आणि गाळले गेलेले किती, यांची फोड बऱ्याच विश्वासाने करता येते.

प्रत्यक्ष कामात या दोन परिणामांचा हिशेब कोणत्या क्रमाने करायचा, येथे नवशिका विद्यार्थी हमखास अडतो. दूरच्या दीर्घिकेतल्या धुळीने प्रकाश ताणला जाण्यापूर्वीच गाळलेला असतो. आपल्या आकाशगंगेच्या धुळीने तो ताणून झाल्यावर, अगदी शेवटच्या टप्प्यात गाळलेला असतो. म्हणून आधी आपल्या धुळीची भरपाई मोजलेल्या तरंगलांबीवर करायची, आणि त्यासाठी आयरास व कोबी या उपग्रहांच्या अवरक्त मोजण्यांवरून १९९८ मध्ये तयार झालेला धुळीचा नकाशा आजही वापरात आहे. मग सगळ्या तरंगलांब्या ताम्रसृतीच्या आकड्यात एक मिळवून आलेल्या संख्येने भागून मूळ जागी न्यायच्या, आणि त्यानंतरच त्या दीर्घिकेच्या स्वतःच्या धुळीला हात घालायचा. हा क्रम वर्णपटातही दिसतो. धूळ २१७.५ नॅनोमीटरपाशी प्रकाश विशेष जोराने शोषते. ताम्रसृती १ असलेल्या दीर्घिकेच्या वर्णपटात आपल्या आकाशगंगेच्या धुळीचा खळगा २१७.५ वरच सापडतो, आणि तिच्या स्वतःच्या धुळीचा, असलाच तर, ४३५ वर.