नळीतला डोळा

चाप ओढला, पडदा निमिषभर पांढरा लखलखला आणि समोरचा गुंड कोसळला. १९८० आणि ९० च्या दशकांतल्या आर्केडमध्ये, म्हणजे नाणी टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनात, हे रोजचंच दृश्य होतं. खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांची समजूत अशी, की बंदुकीतून कसलासा किरण निघतो आणि पडद्यावर जाऊन आदळतो. प्रत्यक्षात गंगा उलटी वाहत होती. प्रकाश पडद्यातून निघायचा आणि बंदूक तो नुसती पाहायची. नळीच्या तोंडाशी एक भिंग, त्यामागे प्रकाश टिपणारा फोटोडायोड आणि दस्त्यातून कॅबिनेटमध्ये, म्हणजे खेळाच्या यंत्राच्या कपाटात, जाणारी तार, एवढाच काय तो दारूगोळा.

सुरुवातीला मात्र प्रकाश खरोखरच बंदुकीतून सुटत असे. १९३६ मध्ये सीबर्ग या अमेरिकी कंपनीने ‘रे-ओ-लाइट’ नावाचा बदकाच्या शिकारीचा खेळ बाजारात आणला. ही कंपनी ज्यूकबॉक्ससाठी, म्हणजे नाणं टाकून गाणी वाजवणाऱ्या यंत्रांसाठी, प्रसिद्ध होती. चाप ओढला की बंदुकीतून प्रकाशाचा झोत निघायचा. बदकावर बसवलेल्या निर्वात नळीतल्या प्रकाशसंवेदी धातूवर तो पडला की इलेक्ट्रॉन सुटायचे, किंचितसा विद्युतप्रवाह वाहायचा आणि बदक पडायचं. म्हणजे डोळा बदकाकडे होता आणि दिवा शिकाऱ्याकडे. कल्पना झकास, पण प्रत्येक लक्ष्याला स्वतंत्र डोळा हवा, आणि आजूबाजूच्या उजेडाने तो फसता कामा नये. दहा-वीस लक्ष्यांचा खेळ करायचा तर हे सगळं भलतंच महाग पडतं.

म्हणून पुढची काही दशकं अनेक कारखान्यांनी प्रकाशाचा नाद सोडून सरळ यंत्रकामाचा रस्ता धरला. मला स्वतःला या खेळांच्या इतिहासातला हा टप्पा सर्वांत देखणा वाटतो. त्या काळच्या रायफल-खेळाच्या कॅबिनेटचं मागचं दार उघडलं तर आत मोटर, साखळ्या, रिले (विजेवर चालणारे स्विच) आणि आरसे यांचा संसार दिसतो. बंदूक पुढच्या बाजूला खुंटीवर पक्की बसवलेली असते. तिच्या बुडाला जोडलेला दांडा आत एका पाटीवर फिरतो. पाटीवर धातूचे संपर्कबिंदू असतात आणि त्यांची मांडणी समोरच्या लक्ष्यांच्या मांडणीबरहुकूम असते. नळी वर-खाली, डावी-उजवीकडे झाली की दांड्याच्या टोकाचा संपर्क पाटीवर तेवढाच सरकतो. लक्ष्य हलणारं असेल, तर ते हलवणारी मोटर आत दुसरा एक संपर्कही सरकवत असते. चाप ओढताना हे दोन संपर्क एकमेकांना भिडलेले असले की मंडल पूर्ण होतं, रिले ‘खट्’ करतो आणि लक्ष्य आडवं होतं. खेळणाऱ्याला वाटतं आपण दूरवरचं सावज टिपलं. यंत्राच्या लेखी मात्र दोन पत्रे एकमेकांना लागले, इतकंच.

ते ‘दूरवरचं’ही खोटंच. कॅबिनेटची खोली जेमतेम हातभर, मग जंगल किंवा समुद्र दाखवायचा कसा? त्यासाठी लक्ष्यं तळाशी किंवा छताशी ठेवत आणि तिरक्या आरशातून दाखवत. प्रकाशाचा मार्ग घडी पडल्यासारखा वळतो आणि डोळ्याला दुप्पट अंतर भासतं. त्यात भर म्हणून अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग लक्ष्यांना फासत. आजूबाजूचा पत्रा आणि तारा अंधारात गडप होत, दिसे ती फक्त अधांतरी तरंगणारी पाखरं. जपानी सेगा कंपनीच्या १९६६ च्या ‘पेरिस्कोप’मध्ये साखळीवर जहाजं सरकत आणि पाणतीर (टॉर्पेडो) म्हणजे प्लॅस्टिकच्या समुद्राखाली एकामागून एक लागणारी दिव्यांची रांग. अमेरिकेत या खेळाला एका डावाचे २५ सेंट पडत, आणि लोक ते देत.

निन्टेन्डो या काळात वेगळाच प्रयोग करत होती. जपानमध्ये बोलिंगची लाट ओसरल्यावर रिकाम्या पडलेल्या बोलिंगच्या जागांत तिने १९७३ मध्ये प्रकाशाच्या बंदुकांची नेमबाजी सुरू केली. भिंतीवर प्रक्षेपकाने उडती तबकडी दाखवायची आणि बंदुकीच्या प्रकाशाचं परावर्तन टिपून नेम ठरवायचा. त्याच वर्षी तेलसंकट आलं आणि मागण्या धडाधड रद्द झाल्या. मग कंपनीने छोट्या कॅबिनेटांकडे मोर्चा वळवला. १९७४ च्या ‘वाइल्ड गनमन’मध्ये १६ मिलिमीटरच्या खऱ्याखुऱ्या फिल्मवरचा बंदूकबाज समोर उभा राहायचा आणि त्याच्या आधी बार टाकायचा असायचा.

एव्हाना व्हिडिओ आला होता. मिडवे या अमेरिकी कंपनीचा पाणबुडीचा खेळ ‘सी वुल्फ’ (१९७६) हा संक्रमणाच्या काळातला फार छान नमुना. पडदा आणि मायक्रोप्रोसेसर नवे, पण डोळा लावायचा पेरिस्कोप मात्र जुन्या परंपरेतला. पेरिस्कोपच्या आत उरलेल्या पाणतीरांची संख्या आणि ‘रीलोड’ची लाल अक्षरं दिव्याने उजळत, पडद्याशी त्यांचा संबंध नसे. पेरिस्कोप कुठे वळलाय हे प्रोसेसरला कळायचं पाच बिटांच्या, म्हणजे ० किंवा १ अशा पाच खुणांच्या, आकड्यातून, आणि त्या आकड्यात एक बारकावा आहे.

साध्या द्विमान पद्धतीत ७ म्हणजे ००१११ आणि ८ म्हणजे ०१०००. पेरिस्कोप सातवरून आठवर जाताना चार बिट एकदम बदलायला हवेत. पण खऱ्या जगातले चार संपर्क कधीही एकाच क्षणी बदलत नाहीत, एखादा मागे रेंगाळतोच. नेमकं तेव्हा प्रोसेसरने वाचन केलं तर त्याला ००००० दिसू शकतं, आणि नेम एकदम टोकाला उडी मारेल. यावर उपाय म्हणजे ग्रे कोड. बेल लॅब्ज या अमेरिकी दूरसंचार प्रयोगशाळेतल्या फ्रँक ग्रे यांना त्याचं पेटंट १९५३ मध्ये मिळालं. त्यात ७ म्हणजे ००१०० आणि ८ म्हणजे ०११००. शेजारच्या दोन आकड्यांत एकाच बिटाचा फरक, त्यामुळे वाचन कुठल्याही क्षणी झालं तरी चूक झालीच तर एका घराचीच. दूरसंचारासाठी काढलेली युक्ती अशी जहाजं बुडवायच्या खेळात येऊन बसली.

आता येऊ मोकळ्या बंदुकीकडे. तिला ना दांडा, ना खुंटी. ती हातात कशीही धरा, कुठेही उभे राहा. मग यंत्राला नेम कळतो कसा?

ही कल्पना मुळात खेळातली नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकात ‘सेज’ नावाची हवाई संरक्षण यंत्रणा उभी राहिली. तिच्यात रडारच्या पडद्यावरचा एखादा ठिपका निवडण्यासाठी कर्मचारी त्यावर पिस्तुलासारखी लाइट गन रोखत. संगणक एकेक ठिपका काढत जायचा. बंदुकीला उजेड दिसला की ती ‘दिसला’ असा इशारा द्यायची, आणि त्या क्षणी आपण कुठला ठिपका काढत होतो हे संगणकाला ठाऊक असायचंच. जागा मोजायची गरज नाही, वेळ कळली की पुरे.

आर्केडच्या पिक्चर ट्यूबमध्ये, म्हणजे जुन्या टीव्हीसारख्या काचेच्या पडद्यात, हेच तत्त्व टोकाला गेलं. अशा पडद्यावर अख्खं चित्र एका क्षणी काढलं जात नाही. इलेक्ट्रॉनांचा झोत एका वेळी एकच ठिपका पेटवतो. पानावर लिहावं तसा तो डावीकडून उजवीकडे एक ओळ काढतो, झटकन परततो, खाली सरकून पुढची ओळ धरतो. फक्त हा लेखक सेकंदाला सुमारे १५,७०० ओळी आणि ६० पानं लिहितो. एका ओळीला ६३.५ मायक्रोसेकंद लागतात, त्यातले साधारण ५२ प्रत्यक्ष चित्राचे, उरलेले मुख्यतः परतीचे. चाळीस सेंटिमीटर रुंद पडद्यावर हा ठिपका सेकंदाला जवळजवळ ७.७ किलोमीटर वेगाने धावतो. रायफलच्या गोळीचा वेग साधारण एक किलोमीटर. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक पृथ्वीभोवती फिरतं तो वेग मात्र बरोबर एवढाच आहे.

झोत पुढे गेल्यावर मागची फॉस्फरची, म्हणजे झोत पडला की चमकणारी, पूड विझू लागते. डोळ्याला हे कळत नाही. फोटोडायोडला मात्र आपल्या समोरची जागा एकदम उजळल्याचा क्षण स्पष्ट कळतो. चाप ओढला की खेळाचा प्रोग्राम पुढची फ्रेम, म्हणजे पुढचं ‘पान’, पांढरी करतो, कारण काळा कोट घातलेल्या गुंडावर नेम असेल तर तिथून पुरेसा उजेड येणारच नाही. तो लखलखाट त्यासाठीच असतो. झोत वरून निघाला की दोन मोजणी सुरू होतात, कितवी ओळ आणि ओळीत किती पुढे. भिंगासमोर झोत आला रे आला, की बंदूक इशारा करते आणि दोन्ही आकडे जागच्या जागी गोठतात.

समजा, फ्रेम सुरू झाल्यापासून ६,३८६ मायक्रोसेकंदांनी इशारा आला. त्याला ६३.५ ने भागलं तर १०० ओळी पूर्ण झाल्या आणि ३६ मायक्रोसेकंद उरले. सुरुवातीच्या वीसेक ओळी पडद्यावर दिसत नाहीत, म्हणजे दिसणाऱ्या २४० पैकी ऐंशीवी ओळ, वरून एक तृतीयांश खाली. ओळीतले पहिले दहाएक मायक्रोसेकंदही कोरे जातात. उरले २६, म्हणजे ५२ च्या निम्मे. नेम पडद्याच्या बरोबर मध्यावर, वरून एक तृतीयांशावर. गुंडाची छाती तिथे असेल तर तो मेला. सगळा निवाडा एका सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आसपास उरकतो.

कागदावर हे निर्दोष आहे. प्रत्यक्षात भिंगाला एक ठिपका नव्हे तर काही ओळींचा गोल पट्टा दिसतो. त्यामुळे लागोपाठच्या ओळींवर अनेक इशारे येतात आणि पहिला धरायचा की सरासरी काढायची हे ठरवावं लागतं. फॉस्फर पेटायला, डायोड जागा व्हायला, तारेतून इशारा पोचायला किंचित वेळ लागतो. एका मायक्रोसेकंदाचा उशीर म्हणजे नेम पाऊण सेंटिमीटर उजवीकडे. म्हणून अशा यंत्रांत सर्व्हिस मेनू असे. त्यात पडद्यावरच्या खुणांवर गोळ्या झाडून यंत्राला त्याची चूक शिकवायची. ट्यूब म्हातारी होऊन मंदावली, भिंगावर बोटांचा चिकटा बसला की नेम लागेनासा व्हायचा. आणि सगळ्यांत जास्त मार खायची ती तार. धातूच्या कवचात असूनही दस्त्यापाशी वाकून वाकून ती आतल्या आत तुटायची.

या व्यवस्थेतली माझी आवडती गोष्ट मात्र एका त्रुटीतून आलेली आहे. बंदूक पडद्याबाहेर रोखली तर इशारा येतच नाही. कोनामीच्या ‘लीथल एन्फोर्सर्स’ (१९९२) आणि सेगाच्या ‘व्हर्चुआ कॉप’ (१९९४) या खेळांनी याच ‘काहीच दिसलं नाही’चा अर्थ ‘बंदूक भर’ असा लावला. वेगळं बटण नाही, वेगळी तार नाही. पडद्याबाहेर एक बार टाकायचा आणि काडतुसं भरलेली.

घरगुती निन्टेन्डोच्या ‘झॅपर’ बंदुकीने गणित आणखी सोपं केलं होतं. तिथे पडदा काळा करून फक्त लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन दाखवत आणि उजेड दिसला की नाही एवढंच विचारत. मग कुणी दिव्याच्या बल्बवर बंदूक रोखून गुण लाटले तर? त्यासाठी बंदुकीत एक चाळणी होती. ट्यूबचा उजेड ओळींच्या तालावर, सेकंदाला पंधरा-सोळा हजार वेळा लुकलुकतो. तो ताल नसलेला उजेड बंदूक जमेस धरत नसे, आणि बल्ब बिचारा सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळाच लुकलुकतो.

हाताला बसणाऱ्या धक्क्याचं श्रेय मात्र प्रकाशाला नाही. तारेच्या वेटोळ्यात लोखंडी दट्ट्या, वेटोळ्यातून प्रवाह सोडला की तो आत खेचला जातो आणि स्प्रिंग त्याला परत ढकलते. यालाच सोलेनॉइड म्हणतात. नामकोच्या ‘टाइम क्रायसिस’मध्ये (१९९५) याच्या जोरावर पिस्तुलाची वरची पट्टी प्रत्येक बाराला मागे आपटते. खेळ म्हणून तिथलं आडोशातून बाहेर काढणारं पायाखालचं पेडल जास्त महत्त्वाचं, पण लोकांच्या लक्षात राहिला तो धक्का.

याच काळात जुनी खुंटीवरची बंदूकही टिकून होती. मिडवेच्या ‘टर्मिनेटर २’च्या (१९९१) कॅबिनेटवरच्या दोन बंदुकांत डोळा नाही. त्या खाली दोन-दोन पोटेन्शिओमीटरना (फिरवल्यावर विजेचा रोध बदलणाऱ्या भागांना) जोडलेल्या आहेत. नळी फिरली की रोध बदलतो, रोधावरून व्होल्टेज आणि व्होल्टेजवरून आकडा. संपर्काच्या पाटीचाच हा इलेक्ट्रॉनिक अवतार. यात नळीतून पाहून खरा नेम धरता येत नाही, कारण खेळणारा उंच आहे की बुटका हे यंत्राला ठाऊक नसतं. म्हणून पडद्यावर फुली दाखवावी लागते. वापरून वापरून पोटेन्शिओमीटरची पट्टी झिजते आणि मग ती फुली थरथरू लागते. अस्सल नेमबाजीच्या शौकिनांनी या बंदुकांना नाकं मुरडली, आणि त्यांचं फारसं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मग सपाट पडदे आले. एलसीडीमध्ये धावता ठिपका नाही. मागचा दिवा सतत पेटलेला, समोरचे स्फटिक काही मिलिसेकंदांनी रंग बदलणारे, आणि चित्र आधी स्मृतीत साठवून मग दाखवलेलं. मोजायला घड्याळ आहे, पण मोजण्यासारखा क्षणच नाही. झोतावर विसंबलेल्या सगळ्या बंदुका एका फटक्यात आंधळ्या झाल्या. नव्या यंत्रांत पडद्याच्या कडेला अवरक्त दिवे बसवून बंदुकीतल्या कॅमेऱ्याला ते दाखवतात. काही बंदुका चित्राभोवतीची पांढरी चौकट ओळखून तिच्या आकारावरून आपली दिशा काढतात. जुनं ‘व्हर्चुआ कॉप’ मूळच्या बंदुकीने खेळायचं तर मात्र पिक्चर ट्यूबच हवी, आणि तशा ट्यूब आता कुणी बनवत नाही. जुन्या कॅबिनेटांची दुरुस्ती करणारे भंगारातल्या दूरचित्रवाणी संचांवर डोळा ठेवून असतात.

‘टर्मिनेटर २’च्या मालकांना ही चिंता नाही. ट्यूब गेली तर ते तिथे एलसीडी बसवतात, कोपऱ्यांवर नेम धरून सेटिंग करतात आणि खेळ चालू होतो. त्या बंदुकीने पडदा कधी पाहिलाच नव्हता.