गरज सरल्यावरही वैद्य का आठवतो?

थासोस बेटावरचा हर्मोन आंधळा होता. समुद्र ओलांडून तो एपिडॉरसला, अस्क्लेपिअस या ग्रीक आरोग्यदेवाच्या देवळात गेला, तिथे झोपला आणि त्याला दिसू लागलं. पण नंतर देवाला अर्पण करायची भेट काही त्याने आणली नाही. देवाने दृष्टी परत काढून घेतली. हर्मोन पुन्हा आला, पुन्हा देवळात झोपला आणि पुन्हा बरा झाला. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात कोरलेल्या तिथल्या शिळांवर अशा सुमारे 70 गोष्टी आहेत.

परमुलखात उपचार घ्यायचे आणि त्याच दारात परत यायचं, ही गोष्ट इतकी जुनी आहे. आजच्या हॉस्पिटलांना मात्र कुणाची दृष्टी काढून घेऊन त्याला परत आणता येत नाही. आपल्याकडे तर म्हणच आहे, ‘गरज सरो, वैद्य मरो’. त्यात हा वैद्य दुसऱ्या देशातला, विमानाने जावं लागणारा. तरीही काही रुग्ण त्याच हॉस्पिटलात वर्षानुवर्षं जात राहतात, भावंडांना आणि शेजाऱ्यांनाही तिकडेच पाठवतात. असं का होतं?

आधी ‘परत येणं’ म्हणजे काय तेच पाहू. गुडघे दोनच असतात. मोतीबिंदूसाठी डोळेही दोनच. एकदा सांधा बदलला की त्याच कामासाठी त्याच सर्जनकडे पुन्हा जावं लागू नये, हीच तर अपेक्षा असते. त्यामुळे वैद्यकीय पर्यटनातली निष्ठा हॉटेल किंवा विमान कंपनीच्या निष्ठेसारखी मोजता येत नाही. ती वेगळ्या तऱ्हेने दिसते: पुढची तपासणी तिथेच करून घेणं, दुसऱ्या आजारासाठी तेच दार ठोठावणं आणि सगळ्यात जास्त म्हणजे ‘मी गेलो होतो, तूही जा’ असं सांगणं.

दुसरी अडचण याहून खोल आहे. उपचार चांगले झाले की नाही हे रुग्णाला कळतं कुठे? अर्थशास्त्रज्ञ वस्तूंचे तीन प्रकार करतात. काही वस्तू विकत घेण्याआधी पारखता येतात. काही वापरल्यावरच कळतात. आणि काही वापरूनही नीट कळत नाहीत, त्या विश्वासावर घ्याव्या लागतात. हा तिसरा प्रकार मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी 1973 मध्ये मांडला. शस्त्रक्रिया त्याचा अस्सल नमुना. मुख्य काम चालू असतं तेव्हा गिऱ्हाईक भुलीखाली असतं! शस्त्रक्रिया खरंच गरजेची होती का, आतलं काम किती सफाईने झालं, हे घरी परतल्यावरही त्याला सांगता येत नाही. मग तो जे कळतं त्यावरून न कळणाऱ्याचा अंदाज बांधतो.

पहिला अंदाज प्रमाणपत्रावरून. 1997 च्या आर्थिक संकटात थायलंडच्या चलनाची किंमत कोसळली, देशातले पैसेवाले रुग्ण रोडावले आणि बँकॉकच्या बुमरुंग्राड हॉस्पिटलने परदेशी रुग्णांकडे मोर्चा वळवला. 2002 मध्ये त्याला हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या जॉइंट कमिशन इंटरनॅशनल या संस्थेची मान्यता मिळाली. परक्या देशात पहिलं पाऊल टाकायला असा शिक्का धीर देतो. पण तो शेजारच्या हॉस्पिटलच्या भिंतीवरही टांगलेला असू शकतो. त्यामुळे दारापर्यंत आणायला तो पुरतो. टिकवून ठेवायला पुरत नाही.

टिकवतं ते बोलणं. वेंडी लेविन्सन आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या. ज्या प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर रुग्णांनी कधी हलगर्जीपणाचा दावा लावला नव्हता, त्यांची भेट सरासरी 18.3 मिनिटं चालायची. दावे लागलेल्यांची 15. तीन मिनिटांचा फरक. शिवाय पहिल्या गटातले डॉक्टर पुढे काय होणार ते आधी सांगत, रुग्णाला बोलतं करत आणि जास्त हसत. सर्जनांमध्ये मात्र असा फरक सापडला नाही, हेही सांगायला हवं.

परदेशात ही तीन मिनिटं दुभाष्यातून जातात आणि तिथेच पाणी मुरतं. ग्लेन फ्लोरेस यांनी 2003 मध्ये बालरुग्णांच्या दुभाष्यासह झालेल्या 13 भेटींची ध्वनिमुद्रणं तपासली, तर भाषांतराच्या चुका निघाल्या 396. त्यांतल्या 63 टक्के चुका उपचारांवर परिणाम करू शकतील अशा होत्या. प्रशिक्षण नसलेल्या दुभाष्यांच्या चुका जास्त घातक होत्या. बरोबर आलेल्या भाचीने किंवा एजंटने दुभाष्याचं काम करणं सोयीचं वाटतं खरं. पण भाचीला ‘रक्त पातळ करणारं औषध कधीपासून बंद’ या वाक्याचं चोख भाषांतर करता येईलच असं नाही. आणि एजंटचं हित कुठे गुंतलंय ते वेगळंच.

आता स्मरणशक्तीचा खेळ. मला या विषयातला हा सगळ्यात गमतीचा भाग वाटतो. डॉनल्ड रेडलमायर आणि डॅनियल कानमन यांना दिसलं, की वेदनादायक तपासणी किती वेळ चालली हे रुग्णाच्या लक्षात फारसं राहत नाही. लक्षात राहतो तो सर्वांत दुखलेला क्षण आणि शेवट. मग त्यांनी जोएल कॅट्झ यांच्यासह 682 रुग्णांवर प्रयोग केला; त्याचे निष्कर्ष 2003 मध्ये आले. कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्यात नळी घालून करायच्या तपासणीत, निम्म्या रुग्णांच्या तपासणीच्या अखेरीस नळीचं टोक थोडा वेळ न हलवता आतच ठेवलं. म्हणजे त्रास लांबवला, पण शेवट सौम्य केला. या रुग्णांना एकूण तपासणी कमी त्रासाची वाटली आणि पुढच्या काही वर्षांत पुन्हा तपासणीला येण्याचा त्यांचा कल थोडा जास्त निघाला. त्रास जास्त वेळ, तरी परत येणारे जास्त!

हॉस्पिटलं याचा नेमका उलटा वापर करतात. विमानतळावर गाडी, हातात फुलं, खोलीतून दिसणारा देखावा, सगळा थाट सुरुवातीला. शेवटी काय? बिलाच्या खिडकीपाशी ताटकळणं, घाईने हातात कोंबलेला डिस्चार्जचा कागद आणि ओल्या टाक्यांनिशी विमानतळ.

शिवाय परदेशी रुग्णाचा शेवट डिस्चार्जला होतच नाही. तो घरी गेल्यावर होतो. शस्त्रक्रिया आणि लांबचा विमानप्रवास, दोन्हींमुळे पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. जखमेतला संसर्ग कधी कधी काही आठवड्यांनी डोकं वर काढतो. तेव्हा रुग्ण आपल्या गावच्या डॉक्टरसमोर बसलेला असतो आणि त्या डॉक्टरला ठाऊक नसतं की आत कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा सांधा बसवलाय, कोणतं प्रतिजैविक दिलं होतं. त्याला समजेल अशा भाषेतला शस्त्रक्रियेचा सविस्तर अहवाल, सर्जनपर्यंत पोहोचणारा एक फोन नंबर, ठरल्या दिवशी व्हिडिओ कॉलवर जखम पाहणं, एवढ्यावर निष्ठा जुळते किंवा तुटते.

एपिडॉरसच्या देवाला हे माहीत असावं. फेराय गावची सोस्ट्राटा देवळात झोपली, पण स्पष्ट स्वप्न काही पडलं नाही, म्हणून तिला तसंच डोलीत घालून घरी नेत होते. वाटेत एक देखणा पुरुष भेटला. त्याने डोली खाली ठेवायला लावली, तिचं पोट उघडून जंत काढले, टाके घातले आणि मग सांगितलं, की मी अस्क्लेपिअस, भेट मात्र एपिडॉरसला पाठव. रुग्णाच्या मागे रस्त्यापर्यंत जाणारा फॉलो-अप, वसुलीसकट.

निष्ठेवरच्या बहुतेक संशोधनाकडे मी जरा संशयाने पाहतो. प्रश्नावली भरून घेतात ती बऱ्याचदा रुग्ण अजून हॉस्पिटलात असताना. खाटेवर पडलेला माणूस, बाजूला नर्स; ‘पुन्हा याल का?’ला तो हो म्हणणारच. गुंतागुंत झालेले महिन्याभराने कुठल्या दुसऱ्याच देशातल्या वॉर्डात असतात. आणि समाधान म्हणजे चांगले उपचार, असंही नाही. जोशुआ फेंटन यांच्या 2012 च्या अभ्यासात सुमारे 52,000 अमेरिकन प्रौढांची माहिती तपासली होती. डॉक्टरांवर सर्वांत खूश असलेल्या गटात मृत्यूचा धोका सर्वांत नाखूश गटापेक्षा 26 टक्क्यांनी जास्त निघाला. खुशीमुळे कुणी मरतं असं यातून सिद्ध होत नाही. पण रुग्ण खूश आहे म्हणजे काम चोख झालंय, हे गृहीत धरता येत नाही एवढं नक्की.

म्हणून ‘आमच्याकडे इतके रुग्ण परत आले’ असं एखादं हॉस्पिटल सांगतं, तेव्हा न आलेल्यांचं काय झालं हे विचारावं. एपिडॉरसच्या त्या शिळा देवळानेच कोरून घेतल्या होत्या. गुण न येता घरी गेले आणि पुन्हा फिरकले नाहीत, त्यांच्यासाठी शिळा उभारली नव्हती.