टर्मिनलवरील ईमेल प्रोग्राममधील शॉर्टकटचा दोषशोध

टर्मिनलवर, म्हणजे केवळ अक्षरांतून आदेश देण्याच्या पडद्यावर, चालणाऱ्या ईमेल प्रोग्राममध्ये पत्र उघडणे, खोडणे, उत्तर देणे ही सारी कामे कळांवरच होतात. म्हणून एखादा शॉर्टकट चालेनासा झाला, की दाबलेली कळ प्रोग्रामपर्यंत पोहोचली का आणि नसल्यास वाटेत कोणी अडवली, हे शोधणे म्हणजे हा दोषशोध होय. मायकेल एल्किन्स यांनी १९९५ मध्ये लिहिलेला ‘मट’ हा या प्रकारातील परिचित प्रोग्राम असून येथील विवेचन त्याच्या आधारे केले आहे.

मराठी टंकलेखन रोजचे असेल, तर सर्वांत आधी कीबोर्डची भाषा पाहावी. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या डीटीपी केंद्रात इन्स्क्रिप्ट या मराठी कळरचनेवर लग्नपत्रिका जुळवता जुळवता कोणी टर्मिनलकडे वळले आणि कीबोर्ड मराठीतच राहिला, तर ‘जे’च्या कळेतून ‘र’, ‘के’मधून ‘क’ आणि ‘डी’मधून नुसता हलन्त निघतो. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत यातले प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, म्हणजे मटला अपेक्षित इंग्रजी अक्षर मिळतच नाही. ही कळ कशालाच जोडलेली नाही, एवढेच मट सांगत राहतो. बिघाड काहीच नसतो, पण सेटिंगची फाइल उलटीपालटी करण्यात तास जातो.

कंट्रोल-एस दाबल्यावर पडदाच गोठला, तर तो टर्मिनलचा प्रवाहनियंत्रण संकेत (क्रमांक १९) असतो. कंट्रोल-क्यूने पडदा सुटतो आणि ‘एसटीटीवाय’ आदेशाने हे नियंत्रण बंदही करता येते. एका टर्मिनलमध्ये अनेक पडदे चालवणारा टीमक्स हा प्रोग्राम चालू असल्यास कंट्रोल-बी तोच स्वतःकडे ठेवतो. टॅब आणि कंट्रोल-आय हे दोन्ही टर्मिनलला ९ याच क्रमांकाने कळतात, त्यामुळे त्यांना वेगवेगळी कामे नेमण्याचा खटाटोप सहसा व्यर्थ जातो.

कळ पोहोचते, पण काम भलतेच होते, अशा वेळी ‘व्हॉट-की’ ही मटमधलीच सोय उपयोगी पडते. ती सुरू करून ‘क्यू’ दाबल्यास अष्टमान १६१ आणि दशमान ११३ असे आकडे दिसतात. कंट्रोल-जीने बाहेर पडता येते. पत्रांच्या यादीसाठी नेमलेली कळ पत्र वाचताना लागू होत नाही, कारण प्रत्येक मेनूची, म्हणजे मटच्या प्रत्येक पडद्याची, कळजोडणी स्वतंत्र असते. त्या त्या ठिकाणची चालू जोडणी प्रश्नचिन्हाची कळ दाबून पाहावी. ‘जी’ मुळात सर्वांना उत्तर देण्यासाठी असते. ‘जीजी’ला नवे काम दिले, की एकटी ‘जी’ निकामी होते. मॅक्रोमध्ये, म्हणजे एका कळेला नेमलेल्या कामांच्या साखळीत, कार्याच्या नावाऐवजी नुसती कळ लिहिलेली असेल, तर त्या कळेचे काम बदलताच मॅक्रोही बिघडतो.