एकत्र वाढवलेले मासे पुढे भांडत नाहीत, हा समज

सिक्लिड कुळातला ऑस्करसारखा मोठा मासा आणि निऑन टेट्रा हा चिमुकला मासा पिल्लांपासून एकाच टाकीत वाढवले, तर त्यांना एकमेकांची सवय होते, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हे चुकीचे आहे. ऑस्कर सुमारे ३० सेंटिमीटर वाढतो, निऑन जेमतेम ३-४, आणि तोंडात मावणारा मासा ऑस्करच्या लेखी भक्ष्यच. सोबती मोठा असला तरी ऑस्करची जोडी जमली की चित्र पालटते: नर-मादी अंडी घालण्यासाठी सपाट दगड तोंडाने घासून स्वच्छ करू लागतात आणि कालपर्यंत शेजारी पोहणाऱ्या माशाला कोपऱ्यात दाबून धरतात, त्याचे फाटलेले पर पाहवत नाहीत. म्हणून निवड करताना पूर्ण वाढलेल्या माशाचा आकार आणि स्वभाव धरावा. पाण्याचाही मेळ हवा, कारण आफ्रिकेतील मलावी सरोवरातील सिक्लिडांना जड (खनिज क्षार जास्त असलेले), अल्कधर्मी पाणी मानवते, निऑनला मात्र मऊ (खनिज क्षार कमी असलेले), किंचित आम्लधर्मी.