रॅम्प बांधला म्हणजे झालं?

‘दारात रॅम्प केलाय, आता दिव्यांगांच्या कायद्याचं आमचं काम संपलं’, असं इमारतवाले वर्षानुवर्षं ऐकवत आलेत. हे चूक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराचं कलम ९ इमारती-रस्त्यांबरोबर वाहतूक, माहिती आणि संपर्कसाधनांनाही लागू होतं. म्हणजे वेबसाइटही आलीच. फॉर्मवरच्या बटणांना नावं दिलेली नसली, की स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या अंध माणसाला नुसतं ‘बटण, बटण’ ऐकू येतं. कुठलं दाबायचं, देव जाणे.

आणि रॅम्प तरी धड असतो का? सर्वसाधारण मापाप्रमाणे १ फूट उंचीला किमान १२ फूट लांबी हवी. जागा नाही म्हणून ४ फुटांत उरकलेला उतार व्हीलचेअरवरून एकट्याने चढणं जवळपास अशक्य, आणि उतरताना तर जीव मुठीत.

‘खास सोय म्हणजे आमची मेहेरबानी’ हाही असाच गैरसमज. परीक्षेत जादा वेळ किंवा सांकेतिक भाषेचा दुभाषी यांसारखी गरजेची सोय अवाजवी बोजा पडत नसतानाही नाकारली, तर करारानुसार तो भेदभावच ठरतो. तक्रार कुठे करायची, हे मात्र ज्या त्या देशाचा कायदा ठरवतो.